डाव सोडतीस काय

शनिवारची दुपार आहे आणि जेवण अंगावर आलं आहे. सतरंजीवर एकोणसाठ कार्डं ओळीनं मांडली आहेत. साठाव्या जागेसाठी दोन कार्डं भांडतायत, ती उशीपाशी ठेवली आहेत. उद्या पुण्यात स्पर्धा आहे आणि आज संध्याकाळी सहापर्यंत डेकची, म्हणजे या साठ कार्डांच्या संचाची, यादी मेलनं पाठवायची आहे. एकदा यादी गेली की तिच्यातलं एक कार्डही बदलता येत नाही. पाच मिनिटं पाठ टेकते असं मी स्वतःलाच सांगते आणि पंख्याकडे बघत पडते. पंखा फिरतो आहे की खोली, हे कळेनासं होतं, तेवढ्यात भिंतीकडून आवाज येतो.

"समद्यांस्नी थांब म्हननार तू. आनि सोता काय करनार?"

इलाहीभाई भिंतीला टेकून बसले आहेत. तोच निळा शर्ट, खिशात स्टीलची पट्टी, चष्मा कपाळावर. ते जाऊन चार महिने झाले हे मला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. पण घरात येऊन बसलेल्या माणसाला ते तोंडावर कसं म्हणायचं? मी पाणी देऊ का विचारते. ते नको म्हणतात.

इलाही बागवान एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. वय चोपन्न. आमच्या कार्डांच्या क्लबातले बाकी सगळे कॉलेजातले किंवा माझ्यासारखे नुकते नोकरीला लागलेले, आणि त्यांच्यात हे एकटे पिकल्या मिशांचे. हा खेळ मला त्यांनी शिकवला. मी दूध संघाच्या लॅबमध्ये फॅट तपासते. मोजमापाचा किडा अंगातच आहे, म्हणून त्यांची खेळायची पद्धत मला लगेच पटली. प्रत्येकानं आपापली साठ कार्डं निवडून आणायची. बहुतेक जण धावून जाणारे डेक आणतात, पहिल्यापासून हाणामारी. आमचा डेक कंट्रोलचा. समोरचा जे टाकेल ते अडवायचं, पुसायचं, त्याला दमवायचं आणि शेवटी एका मोठ्या कार्डानं संपवायचं. कार्डांवरची इंग्रजी नावं आम्ही कधी घेतली नाहीत. अडवतं ते 'थांब'. टेबल साफ करतं ते 'झाडू'. आणि शेवटी उतरून सामना संपवतो तो 'पैलवान'.

उशीपाशी आहेत ती दोन कार्डं म्हणजे एक पैलवान आणि एक जादाचा थांब.

"उद्या लोक काय आणतील, सांगा," मी म्हणते. "कंट्रोलचा डेक समोरच्यावर ठरतो, असं तुम्हीच सांगायचात."

"मला काय म्हाईत आता लोक काय आनत्यात," ते म्हणतात. "मी कुटं असतो तितं?"

मी पैलवान उचलायला वाकते. वर बघते तर आम्ही क्लबच्या हॉलमध्ये आहोत. हा खरा नाचाच्या क्लासचा हॉल, रविवारी सकाळी तो आम्हाला मिळतो. एका भिंतीला सलग आरसे आहेत. त्यांत हातातली कार्डं दिसतात म्हणून आम्ही आल्या आल्या त्यांवर चादर टांगतो, हे आमचं पहिलं काम. आज चादर नाही. हॉलमध्ये दुसरं कुणी नाही. इलाहीभाई आरशाकडे पाठ करून बसले आहेत, हातात सात कार्डं, आणि मला ती आरशात सगळी दिसतायत.

सातही कोरी आहेत. छान कापलेली, कोपरे गोल केलेले आणि पांढरीफटक.

"भाई, तुमच्या कार्डांवर काही नाही."

"हीच हाईत आता माझ्याकडं," ते म्हणतात आणि त्यातलं एक टेबलावर ठेवतात. "बोल. अडवतीस?"

माझ्या हातात चार थांब आहेत, दोन झाडू आहेत. एवढी चांगली सुरुवात मला जागेपणी कधी मिळालेली नाही. पण अडवायचं काय? ते दुसरं कोरं कार्ड ठेवतात. तिसरं ठेवतात. मी नुसती बघत बसते. पाठ केलेल्या धड्यातला एकही प्रश्न आला नाही की परीक्षेत होतं, तसं मला होतं.

"तुझी पाळी," ते म्हणतात.

मी कार्ड उचलते, तर टेबल लांब झालेलं असतं. त्यावर हिरवं कापड आहे, आजूबाजूला शंभर माणसं आहेत आणि समोर भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ उतरत चाललंय. हा पुण्यातला हॉल. हा जानेवारी. कुठला सामना आहे ते मला घड्याळ न बघताही कळतं, आणि मला इथून उठायचं असतं, पण खुर्ची मागे सरकत नाही.

जानेवारीत काय झालं ते सांगायलाच हवं. त्या स्पर्धेसाठी मी डेकमधून पैलवान काढून टाकला होता. तो जड, लवकर हातात आला तर अडकून राहतो. त्याच्या जागी मी आणखी एक थांब घातला. समोरच्याची साठ कार्डं उचलून संपली की तो आपोआप हरतो, मग पैलवान हवा कशाला, असा माझा हिशोब. मला त्याचा फार अभिमान होता. इलाहीभाईंनी डेक बघून एवढंच म्हटलं होतं, "हरनार न्हाईस. पर संपनार बी न्हाई." शेवटच्या फेरीत नेमके आम्हीच दोघं समोरासमोर आलो. जो जिंकेल तो वरच्या आठात. बरोबरी झाली तर दोघंही घरी. दोघांचे डेक कंट्रोलचे. ते काही टाकत, मी अडवत होते. मी संपवू शकत नव्हते, कारण संपवायचं कार्डच मी घरी ठेवलं होतं. सामन्याची पन्नास मिनिटं संपली. पंचांनी वेळेनंतरच्या पाच पाळ्या दिल्या. त्यातली पाचवी चालू असताना इलाहीभाई खाली बघत म्हणाले, "शालू, डाव सोडतीस काय?"

असं विचारणं नियमात बसतं. बरोबरी होऊन दोघं बुडण्यापेक्षा एकानं सोडावं, हे आमच्यात चालतं. पण अकरा वर्षांत इलाहीभाईंनी ते कुणाकडे मागितलं नव्हतं. त्यांना ते कमीपणाचं वाटायचं. अकरा वर्षांत ते एकदाही वरच्या आठात गेले नव्हते. आणि मी हसले. म्हटलं, "तुम्हीच सोडा की." मला वाटलं गंमत चाललीय. निकालाच्या चिठ्ठीवर बरोबरी लिहिली, दोघांनी सह्या केल्या. परतीच्या गाडीत ते झोपले. एकोणीस दिवसांनी ते वारले. पोटात गाठ होती, दिवाळीपासून त्यांना माहीत होतं, त्यांनी घरातसुद्धा अर्धंच सांगितलं होतं.

आता लाल आकडे शून्यावर येतात. इलाहीभाई खाली बघतायत.

"शालू, डाव सोडतीस काय?"

चार महिने मी या वाक्याची वाट बघितली आहे. लॅबमध्ये नळ्या हलवताना, भाजी निवडताना, किती वेळा मी याला हो म्हटलं आहे. सोडला, भाई. घ्या. मी तोंड उघडते. आणि माझा मलाच हसण्याचा आवाज ऐकू येतो.

"तुम्हीच सोडा की," मी म्हणते.

ते मान हलवतात. चिठ्ठी माझ्याकडे सरकवतात. माझा हात सही करतो. मी दुसऱ्या हातानं तो धरते, तरी तो करतोच. शालिनी महादेव पोवार, शेवटच्या रेघेसकट.

"थांबा," मी म्हणते. "मला दुरुस्त करायचंय. पंचांना बोलवा."

"गेली चिठ्ठी," इलाहीभाई म्हणतात. त्यांचा आवाज आता मशीनच्या आवाजातून येतो, कारण आम्ही छापखान्यात उभे आहोत. शाईचा, डिंकाचा वास आहे. बाहेर ऊन आहे. ते कागदाचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवतायत. गठ्ठा आपटतात, फिरवतात, पुन्हा आपटतात. कडा कितीही जुळल्या तरी त्यांचं समाधान होत नाही.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारते.

"काय?"

"आजाराचं. त्या दिवशी. एक शब्द बोलला असता तर मी सोडला असता डाव. उभ्या उभ्या सोडला असता."

"म्हनूनच न्हाई सांगितलं. मरायला टेकलाय म्हनून दिलेल्या खुर्चीवर बसून काय करू मी बेटा? आठातल्या साती जनांस्नी तोंड दाखवायचं असतंय."

"म्हणजे माहीत नव्हतं तर मी दिला नसता, आणि माहीत असतं तर तुम्ही घेतला नसता."

"व्हय."

"मग कुठूनच जमणारं नव्हतं."

"न्हवतं," ते म्हणतात. गठ्ठा फिरवतात.

मला त्यांचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण येतो, आणि झोपेत तो आवरतही नाही. "मग मागितलंत कशाला? घ्यायचंच नव्हतं तर मागायचं कशाला?"

आता त्यांचे हात थांबतात. ते चष्मा कपाळावरून खाली घेतात आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघतात.

"एकदा मागून बगितलं," ते म्हणतात. "काय न सांगता. आपली शालू हाय, नुसतं मागितल्यावर देती का बगावं म्हटलं."

मशीन चालूच आहे. मला काहीतरी बोलायचं आहे, पण जे बोलायचं ते हसण्याच्या रूपानं बाहेर पडेल अशी भीती वाटते, म्हणून मी ओठ दाबून धरते.

"वाईट वाटलं का तुम्हाला?" मी विचारते. ते नाही म्हणतील अशी मला आशा आहे. स्वप्नात तरी म्हणतील. माझंच तर स्वप्न आहे.

"वाटलं की," इलाहीभाई म्हणतात. "गाडीत झोपलो न्हवतो मी. डोळं मिटून बसलो हुतो. साताऱ्यापत्तुर तर लै वाटलं."

"आणि नंतर?"

"नंतर दुकायला लागलं. मग दुसरं काय सुचतंय?"

मी रडते आहे. त्यांना ते दिसतं आहे, पण ते उठून जवळ येत नाहीत. जिवंतपणी आले असते. क्लबात एखाद्याचा वाईट पराभव झाला तर तेच आधी उठून चहा सांगायला जायचे.

"आता काय करू?" मी विचारते. "ती साठावी जागा. कुठलं घालू?"

"पैलवान घाल," ते लगेच म्हणतात, विचार न करता, जसं काही आम्ही रविवारी सकाळी चहा घेत बसलोय. "हरलीस तर हरलीस. पर सामना येळंत संपीव. संपला म्हंजे शेवटाला कुनाला तुज्यापाशी मागायची येळ येत न्हाई."

"तुमच्यासाठी काय करू?"

"माझ्यासाटनं आता काय हाय?"

ते गठ्ठा मशीनमध्ये सरकवतात. कोरा, पांढरा, कडा जुळलेला. मला अचानक वाटतं की हे पातं खाली आलं की ते जातील, आणि मी पुढे होऊन गठ्ठा दोन्ही हातांनी धरते. ते "शालू, हात काड" म्हणतात. शांतपणे, कामावरच्या माणसानं म्हणावं तसं. मी काढत नाही. ते गठ्ठा हळूच स्वतःकडे ओढून घेतात आणि कागद माझ्या बोटांतून सरसर निघून जातो.

पंखा फिरतो आहे. खोलीत उजेड तिरका झाला आहे. स्वयंपाकघरातून आई चहा घेणार का विचारते, दोनदा विचारते. मोबाइलवर पाच वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत.

मी उठून बसते आणि उजव्या हाताची तर्जनी झोंबते. आतल्या बाजूनं, मधल्या पेरावर, केसाएवढी बारीक चीर पडली आहे. दाबल्यावर रक्ताचा ठिपका वर येतो. कागद लागल्यावर पडतो तसलीच चीर. सतरंजीवर कागद नाही. कार्डं आहेत, पण ती सगळी प्लॅस्टिकच्या पाकिटांत आहेत. त्यांनी बोट कापत नाही. मी सतरंजी झटकते, उशी उलटी करते, चादरीची शिवण तपासते. कापेल असं काहीच सापडत नाही.

मी यादीत पैलवान लिहिते आणि यादी पाठवते. डेक चांगला झाला आहे. जानेवारीत हाच डेक असता तर तो सामना चाळीस मिनिटांत संपला असता, कुणीतरी एक जिंकलं असतं, आणि इलाहीभाईंना मान खाली घालावी लागली नसती. हे मला आता इतकं स्पष्ट दिसतं आहे की कागदावर मांडून दाखवता येईल. दाखवायचं कुणाला?

मोरीत जाऊन बोट नळाखाली धरते. पाणी लागलं तसं ते चांगलंच झोंबतं. मी बराच वेळ धरून ठेवते, आणि माझं काहीसुद्धा हलकं होत नाही.