ड्रायव्हरकाकांचा उजवा पाय

ड्रायव्हरकाकांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते शाळेच्या बसमध्ये. मी मांडीवर वह्या तपासत होतो. मान वर केली तर बस फाटकाशी उभी. कधी थांबली, कळलंच नाही. तसं म्हणालो, तर ते आरशातून बघत म्हणाले, "सर, मागे पोरं पेंगत असतात. ब्रेकला नुसता पाय टेकवायचा."

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनीपुराणी गाडी घेतली. गोल दिव्यांची, फुगीर बॉनेटची, तळाला गंजून जाळी झालेली. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी तिचा गंज खरवडला, पत्रे ठोकून सरळ केले, रंग दिला. काकूंनी सीटची कव्हरं शिवली. "सवत आणलीये, अंगावर नीट कपडे तरी नकोत का?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पहिल्याच फेरीत, उतारावरच्या सिग्नलला, काकांचा पाय ब्रेकवर असतानाच पेडल हळूहळू खाली गेलं आणि गाडी पुढे सरकली. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. काकांनी सगळं बळ लावून ब्रेक दाबला. गाडी थांबली ती बाबागाडीपासून हातभर अंतरावर.

मेकॅनिकने गाडी पळवून, कचाकच ब्रेक मारून पाहिले. "ब्रेक ठणठणीत आहेत, काका. एकदा पाय दाखवून घ्या."

हे काकांच्या मुलाच्या कानावर गेलं. "बाबा, रविवारी किल्ली माझ्याकडे द्या," एवढंच तो म्हणाला.

त्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले. बसल्यावर उजवा पाय डाव्या पायाखाली दाबून धरला होता.

"वडिलांचं असंच सुरू झालं होतं, सर. चप्पल पायातून निसटायची, त्यांना पत्ता नसायचा. मग अर्धं अंगच गेलं. डॉक्टरकडे जायचा धीर होत नाही. आधी गाडीच्या जुन्या मालकांना विचारतो. त्यांना असा अनुभव नसेल, तर मग पायच."

त्यांना एकट्याने जाववेना, म्हणून मी बरोबर गेलो. आधीचा मालक फोटोग्राफर होता. "ब्रेक ना? एक नंबर," तो म्हणाला. "मी तर दाबताना त्यावर उभाच राहायचो." काका "छान, छान" म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला.

त्याने गाडी एका नर्सबाईंच्या मुलाकडून घेतली होती. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. काका प्रत्येक पायरीवर उजवा पाय बघून टेकवत होते. एका वळणावर ते अडखळले आणि कठडा धरून उभे राहिले. "बघितलंत?" ते पुटपुटले.

दार मुलाने उघडलं. "गाडी आईच चालवायची. पण वय झालं, पाय साथ देईना. एकदा गाडी फाटकाला लागली, मग आम्हीच किल्ली काढून घेतली."

काका वळलेच होते. आतून आवाज आला, "पाय नव्हता रे तो."

नर्सबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. "अडलेल्या बायकांना दवाखान्यात न्यायचे मी. त्यांना धक्का बसेल असा ब्रेक कसा मारणार? पाय अलगद ठेवला की पेडल आपलं बसत जायचं. जोरात मारलं की घट्ट. हा तपासायला बसायचा तो धसमुसळा. याला कुठून कळणार?" मग काकांकडे बघून म्हणाल्या, "तुमची किल्ली अजून तुमच्याकडेच आहे ना?"

"रविवारपर्यंत," काका म्हणाले.

मुलगा खाली बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ब्रेकचा पंप उघडला. आतल्या रबराची कड झिजली होती. हलक्या दाबाला तेल तिच्या बाजूने निसटायचं. जोर दिला की रबर फुगून घट्ट बसायचं. नवं रबर घातल्यावर काकांनी पेडलवर पाय अलगद टेकवला. मी दाराशी वाकून पेडलकडे बघत राहिलो. ते हललं नाही. काकांच्या मुलाने पुन्हा किल्लीचा विषय काढला नाही.

मी डॉक्टरांचं नाव काढलं की काका अजून विषय बदलतात. त्याच गाडीतून ते दर आठवड्याला काकूंना त्यांच्या बहिणीकडे सोडतात. निघण्याआधी दारातल्या पायरीवर बसून उजव्या पायाची बोटं एकेक करून हलवून बघतात, आणि मगच बूट घालतात.