चिमीला सांगायचं राहिलं

इस्त्रीवालीची चिमी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा सासू म्हणाली, "हिचा बापही उशिराच बोलला. मग तोंड म्हणून मिटलं नाही त्याचं." सगळे हसले. पोरीला ऐकूच येत नाही, हे कळेपर्यंत ती पाचाची झाली होती. डॉक्टरीणबाईंनी खुणांची शाळा सुचवली, पण घरात एकच धोशा: हातवारे शिकली की तोंडाने कधीच बोलायची नाही. मग इस्त्रीवाली रोज तिची हनुवटी धरून "पा-णी, पा-णी" म्हणत राही, आणि पोर हिसडा देऊन तिच्या मनगटाला चावे.

बापाशी मात्र तिचं गूळपीठ. तो रंगारी. घरी आला की नखांवरचा रंग तिला खरवडू देई. एकदा तो परांचीवरून पडला तो दवाखान्यातून परतलाच नाही. चिमीला शेजारणीकडे ठेवलं होतं. तिने काहीच पाहिलं नाही.

रोज संध्याकाळी ती दारात उभी राही. आईने त्याचा फोटो दाखवून डोळे मिटले, तर तिने त्याला उठवायला सगळी अंथरुणं उपसली. आईने आभाळाकडे बोट केलं, तर ती गच्चीवर पळाली. खाली आली ती आईला लाथा घालत. हिनेच त्याला लपवलंय, असं तिला वाटत असावं. हळूहळू ती जेवेनाशी झाली.

"आई, हिला सांगू तरी कसं?" इस्त्रीवाली सासूला म्हणाली. "पोटची पोर, आणि तिला द्यायला माझ्याकडे एक शब्द नाही."

दुसऱ्या दिवशी सासूच नातीला घेऊन खुणांच्या शाळेत गेली.

तिथल्या बाईंनी खोटी आशा लावली नाही. "भाषा रुजायचं वय बरंचसं निघून गेलंय. येईल तेवढं येईल. तुम्हीही शिका." इस्त्रीवालीही बाकावर बसू लागली. भाजलेली बोटं धड वळत नसत.

वर्ष सरत आलं तेव्हा शाळेच्या अंगणात एक कबुतर मरून पडलं. चिमीने खुणेने विचारलं, झोपलंय? बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मेलं. आता उठणार नाही.

घरी येऊन चिमी इस्त्रीच्या टेबलापुढे उभी राहिली. तिचे हात हलले. बाबा मेला?

आईने हो म्हटलं.

कधी?

खूप दिवस झाले.

चिमीने तिच्याकडे रोखून पाहिलं. तू सांगितलं नाहीस.

मला सांगता येत नव्हतं, एवढं वाक्य इस्त्रीवाली अजून शिकली नव्हती. तिने हात वर केले आणि तसेच धरून ठेवले. चिमी वाट पाहत राहिली, मग पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली.