लिफ्ट नक्की थांबणार कुठे?

गेल्या शनिवारी सकाळी आमच्या घरी एक कॉन्ट्रॅक्टर आले, निवांत चहा प्यायले आणि बाबांना म्हणाले, जरा चालून दाखवता का? मला काही कळेचना... हा माणूस लिफ्टचं काम बघायला आलाय की गुडघे तपासायला?

थोडं मागचं सांगते. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत आमची जुनी तीन मजली बिल्डिंग आहे, लिफ्ट नसलेली. आम्ही सगळ्यात वर. बाबांचे गुडघे असे काही गेलेत की मागच्या गणपतीपासून ते खाली उतरलेलेच नाहीत.

दिवसभर हॉलच्या खिडकीत बसतात. समोर रिक्षा स्टँड आणि चहाची टपरी. एमआयडीसीत बाबांबरोबर नोकरीला असलेले दोघं मित्र अजून रोज संध्याकाळी त्या टपरीवर येतात आणि खालून हात करतात... बाबा वरून हात करतात. एवढीच त्यांची भेट.

त्यामुळे सोसायटीने लिफ्ट बसवायची ठरवली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झालेला. कमिटीतही मी आहे. (मीटिंगला उशिरा पोचलेले, तोवर लोकांनी मला बिनविरोध निवडून टाकलेलं.)

मग वर्षभर नुसती चर्चा. मेंटेनन्स कोण किती देणार, पहिल्या मजल्यावाल्यांनी का द्यावं, आत आरसा हवा की नको... आरशावरून तर अख्खी मीटिंग वाया गेली आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं.

शेवटी तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावले. पहिल्या दोघांनी जिना बघितला, टेप लावली आणि कोटेशन पाठवून दिलं. तिसरे हे सोनावणे. त्यांनी भावच सांगितला नाही... म्हणे, आधी प्री-कन्स्ट्रक्शन करू.

म्हणजे काय, तर आधी बिल्डिंग तपासायची, कोण राहतं, कसं वावरतं ते बघायचं, मग नकाशा काढून नक्की काम काय ते लिहायचं. नंतर त्या एकाच नकाशावर सगळ्यांकडून भाव मागवायचे, त्यात त्यांचाही एक. आणि या सगळ्याची फी वेगळी.

आमचे चेअरमन परब काका, त्यांचं डोकंच फिरलं. "म्हणजे काम न करण्याचे पैसे द्यायचे? आणि काम दुसऱ्याला गेलं तरी ह्याला चालणार? धंदा करतोय की समाजसेवा?" खरं सांगू, मलाही तेच वाटलेलं. पण सोनावणे म्हणाले, एकदा बघून तरी घेतो, पटलं नाही तर फी देऊ नका.

तर तो शनिवार, परब काकाही आलेले. बाबा वॉकर घेऊन दारापर्यंत आले, मग बाहेर पॅसेजमध्ये. सोनावण्यांनी विचारलं, लिफ्ट कुठे थांबणार म्हणालात?

मी आणि परब काकांनी एकदमच बोट दाखवलं... जिन्याच्या मधल्या वळणावर. तिथे भिंतीपलीकडे मोकळी जागा आहे, शेजारच्या बिल्डिंगची लिफ्टही तशीच आहे, आणि दोन्ही कोटेशनं त्याच जागेची होती. सोनावणे म्हणाले, "काका, तिथपर्यंत जाऊन दाखवता?"

बाबा पहिल्या पायरीपर्यंत गेले आणि थांबले. पुढे वळणापर्यंत अर्धा जिना...

ज्यांच्यासाठी म्हणून मी वर्षभर सगळ्यांशी भांडले, त्यांना त्या लिफ्टपर्यंत पोचताच येणार नव्हतं. आणि आम्ही आरशावर भांडत बसलेलो.

दुसरी जागा एकच आहे, पॅसेजच्या टोकाला, जाळीच्या बाहेर. तिथे लिफ्ट थेट मजल्यावर, दारांसमोर थांबेल. पण तिची भिंत येणार आमच्या हॉलच्या खिडकीवर. आमच्या खालच्या दोन घरांनी त्या खिडकीला कधीचंच कपाट लावलंय, त्यांना काही फरक नाही... बंद होणार ती फक्त बाबांची खिडकी.

आता काय करायचं? मी सोनावण्यांकडे बघितलं, तर ते म्हणाले, हे मी कसं ठरवणार, म्हणूनच तर आधी विचारतोय. बाबांनी सगळं ऐकलेलं. ते आत गेले आणि खिडकीत जाऊन बसले.

दोन दिवस माझं डोकं चालेना. लिफ्ट बाबांसाठी, आणि तीच त्यांची खिडकी घेणार... हा कुठला न्याय? एकदा वाटायचं घ्यावी लिफ्ट, लगेच वाटायचं नकोच. ऑफिसात दोनदा चुकीच्या माणसाला मेल गेला.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तर बाबा नेहमीसारखे खाली हात करत होते. मी म्हटलं, बाबा, मी कमिटीला नाही म्हणून कळवते, तुमची खिडकी जायला नको. मला रडूच यायला लागलेलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "अगं, वेडी का तू? खिडकी काय करायचीय मला? नुसते हात करून कंटाळलोय, मला त्यांच्याबरोबर चहा प्यायचाय." मग म्हणाले, "त्या सोनावण्यांना सांग, आत वॉकर मावला पाहिजे. आरसा नसला तरी चालेल."

काल परब काकांनी सोनावण्यांना होकार कळवला... तोंड वाकडं करून, पण कळवला. आता नकाशा होईल, मग सगळ्यांचे भाव येतील. काम सोनावण्यांनाच मिळेल की नाही, कुणास ठाऊक.

पण सोनावणे, तुम्ही आधी विचारलंत, त्याबद्दल मनापासून आभार. काम कुणालाही मिळो, लिफ्ट झाली की टपरीवर नक्की या... चहा बाबा पाजणार आहेत, खाली येऊन.