फ्रँकफर्ट-व्हिएन्ना, रनिंग टाइम

बाबा एसटीत कंट्रोलर होते. सांगली स्टँडवर बसून गाड्या सुटल्याच्या आणि पोचल्याच्या वेळा लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुठल्याही गावाचं नाव निघालं की त्यांचे प्रश्न दोनच. किलोमीटर किती आणि रनिंग टाइम किती?

आई गेल्यावर ते तीन महिने आमच्याकडे जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गला, राहायला आले. त्यांचे जिवलग मित्र, एसटीतलेच ड्रायव्हर, तेव्हा व्हिएन्नाला मुलीकडे होते. पहिल्याच आठवड्यात चहा पिताना बाबांनी विचारलं, "इथनं व्हिएन्ना किती रे?"

मला तोंडपाठ होतं. कामासाठी मी अधूनमधून जातो. सहाशेएक किलोमीटर, फ्रँकफर्टहून थेट विमान, एक तास वीस मिनिटं. बाबांच्या व्हिसावर ऑस्ट्रियाही चालत होतं.

"लांब आहे हो बाबा," मी म्हणालो. "थेट विमान नाही. मध्ये बदलावं लागतं. सात-आठ तास धरा."

"म्हणजे आपली सांगली-मुंबई."

"तसंच."

"मग राहू दे."

याला काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. शनिवारी पहाटे उठून त्यांना घेऊन विमानतळ गाठायचा मला कंटाळा आला होता, एवढंच. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी फोनवर मात्र, "काय ड्रायव्हरसाहेब, आजपण लेट?" असं हसून चालायचं. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो.

सांगलीला परत गेल्यावर त्यांचा फोन आला. "विमानात समोर पडद्यावर नकाशा होता. सुटल्यावर एक तास दहा मिनिटांनी व्हिएन्ना आलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वेळेत होती गाडी," ते म्हणाले, आणि जेवलास का विचारलं.

गेल्या महिन्यात व्हिएन्नाला काम निघालं, तेव्हा धीर करून त्या ड्रायव्हरकाकांना भेटायला गेलो. ते आता खूप थकलेत. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय, म्हणजे सांगलीला जाणं संपलं. मला बघताच म्हणाले, "कंट्रोलरचे गुडघे काय म्हणतात? आमचे जावई त्यांना आणायला यायला तयार होते की! पण तुझे बाबा म्हणाले, पोरगा रोज मागं लागलाय, चला चला म्हणतोय, माझेच गुडघे ऐकत नाहीत."

ते गुडघे रोज सकाळी माझ्यापुढे कुरपार्कच्या बागेला दोन चकरा मारत होते.

खरं सांगायचं ठरवूनच मी गेलो होतो. पण आता खरं सांगावं तर बाबा खोटे पडत होते. "बरे आहेत," मी म्हणालो. काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "गुणाचा आहेस," म्हणाले.

घरी येऊन बाबांना फोन केला. सगळं कबूल केलं. व्हिसाचे कागद पाठवतो, या वेळी मीच नेतो, म्हणालो.

"बघू," ते म्हणाले. "लांब आहे ते."