बाबांच्या हसण्याची कॅसेट

"काय केलंस हे, सेठ! काय करून ठेवलंस!" मी इतक्या जोरात ओरडलो की उल्हासनगर कॅम्प एकमधल्या निम्म्या दुकानांची शटरं आपोआप खाली आली असतील.

जुन्या व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देणारा तो सिंधी दुकानदार मात्र खूश. "साईं, पब्लिकच्या आवाजाचा सगळा कचरा काढून टाकला. अब सुनो, एकदम स्टुडिओ!"

जुन्या मराठी विनोदी सिनेमांच्या माझ्याकडे इतक्या कॅसेट आहेत की हेंद्रेपाड्यातली आमची बिल्डिंग माझ्या खोलीच्या बाजूला दोन इंच कललीय. बाकीचे संग्राहक स्वच्छ प्रिंट शोधतात, पोस्टरं फ्रेम करून लावतात. मला हवी चोरून शूट केलेली थिएटर प्रिंट. पडदा वाकडा, मध्येच कुणाचं तरी डोकं, आणि खो खो हसणारं अख्खं थिएटर. ते सिनेमे एकट्याने बघायचे नसतातच.

या कॅसेटवर तर बाबा होते. अंबरनाथच्या कंपनीतल्या त्यांच्या मित्राने कॅमेरा पिशवीत लपवून शूट केलेली. बाबा शेजारच्या खुर्चीत. नायक पिठाच्या पिंपात लपतो तिथे सगळ्यांच्या आधी बाबा हसायचे. असे, की पार वांगणीच्या म्हशी दावं तोडायच्या. घरात त्यांचे फोटो आहेत. आवाज एवढाच होता.

"मूळ कॅसेट कुठाय?"

"बुरशी होती ना. एक बार चली, मग मशीनमध्ये गुंडाळून तुटली."

"आणि साफ करायच्या आधीची फाइल?"

"ती ठेवून काय करायची? उडवली."

मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने चहा मागवला. मी प्यायलो. साखर होती की नाही, सांगता येणार नाही.

घरी आईने भर दुपारी पडदे ओढून टीव्हीसमोर खुर्ची मांडून ठेवली होती. मी पेनड्राइव्ह लावला. नायक धावत आला, पिंपात उतरला, पीठ उडालं. पिंपाचं झाकण पडल्याचा आवाज आला, अगदी स्वच्छ. त्यानंतर काही नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, काहीही न फुगवता. बाबांचं हसणं गेलं, आता कुठेच नाही, म्हणालो.

"बरं," आई म्हणाली. "राहू दे चालू."