लढ म्हणणं सोडलं तेव्हा

त्या दिवसांत माझा नामावरचा विश्वास उडाला होता, हे आधीच कबूल करते. चाळीस वर्षं अक्कलकोटच्या स्वामींचं नाव घेणारी मी. पण सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून जपमाळ पर्समध्ये कोंबली आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही, असं ठरवलं.

माझी मुलगी वैदेही सव्वीस वर्षांची, शाळेत खेळाची शिक्षिका. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. रोज पहाटे मैदानावर जाणारी, काटक पोरगी. शाळेत फ्लूची साथ आली आणि तिला ताप भरला, तेव्हा मला काळजीसुद्धा वाटली नाही. पाचव्या दिवशी न्हाणीघरातून खोलीपर्यंत येतानाच तिला धाप लागली आणि ती भिंतीला धरून खाली बसली. ओठ निळसर पडले होते. दवाखान्यात नेलं, तर तिला थेट अतिदक्षता विभागात घेतलं. मलाही ताप आणि खोकला होता, म्हणून मला आत जायची बंदी झाली. मास्क लावून मी बाहेरच्या बाकावर बसले आणि एकच धावा सुरू केला : स्वामी, तिला लढायचं बळ द्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. विषाणू आता फारसा उरलेला नाही, असं ते म्हणाले. क्षणभर मला हायसं वाटलं. मग त्यांनी सांगितलं, "त्याला मारायला उठलेली तिच्याच अंगातली ताकद आता थांबत नाहीये. तीच फुफ्फुसं जाळतेय. फुफ्फुसांत पाणी भरत चाललंय." ही ताकद आवरायला औषध द्यायचं होतं, पण त्यामुळे दुसऱ्या जंतूंना वाट मोकळी होण्याची भीती होती, आणि ते लागू पडेलच याची खात्री नव्हती. मी सही केली. जे बळ मी तीन दिवस मागत होते, तेच माझ्या लेकीचा जीव घेत होतं. मग मी कुणाकडे काय मागत होते? जपमाळ पर्समध्ये गेली ती तेव्हाच.

त्यातच नर्सनं सांगितलं, की वैदेहीला पालथं झोपवायला हवं, तसं झोपलं की श्वास जास्त पोचतो. पण ती घाबरते, ऑक्सिजनचा मास्क ओढून काढते. असंच चाललं तर नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल. मी आत जाऊ शकत नव्हते. शेजारी एक बाई बसल्या होत्या, रझियाबी. त्यांचे मालक महेबूबभाई ट्रक चालवायचे. तेही ह्याच तापानं वैदेहीच्या पलीकडच्या खाटेवर होते. रझियाबींनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "तुमी हितंच बसा. मी बगते की तिच्याकडं."

सकाळ-संध्याकाळ भेटीसाठी दहा-दहा मिनिटं मिळायची. त्यातली निम्मी त्या माझ्या मुलीला देऊ लागल्या. वैदेहीनं नंतर सांगितलं, पाठीवर एक खरखरीत हात फिरायचा आणि आवाज यायचा, "पालथी सो जा बेटी, मैं इधरीच हूँ." त्या गेल्यावरही ती तशीच पडून राहायची. बाहेर येऊन रझियाबी मला फक्त एवढंच सांगायच्या, की आज झोपली. स्वतःच्या माणसाबद्दल विचारलं की मान खाली घालायच्या.

सहाव्या दिवशी सकाळी महेबूबभाई गेले. कागदपत्रं झाली, गाडी आली, नातेवाईक रझियाबींना धरून नेऊ लागले. त्या मध्येच थांबल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, काही विसरलं असेल. परत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आज मी जाते म्हणून तिला सांगून आले. न्हायतर वाट बगंल."

मला त्यांचे पाय धरायचे होते. तोवर नातेवाईकांनी त्यांना गाडीकडे नेलं.

त्या गेल्यावर मी डोळे मिटून बसले. बळ मागवेना, आयुष्य मागवेना. एवढंच म्हणाले, स्वामी, मला काही कळत नाही. ती तुमची आहे, तुम्ही बघा. इतकी हरलेली मी आयुष्यात कधी नव्हते. दोन दिवसांनी वैदेहीचा ऑक्सिजन थोडा कमी करता आला. औषधानं, पालथं झोपल्यानं, की आणखी कशानं, ते मला सांगता येणार नाही.

ती घरी आली, पण फुफ्फुसांवर व्रण राहिले. एक जिना चढला की तिला बसावं लागतं. मैदानावरची शिट्टी आता दुसरी शिक्षिका वाजवते. आणि जे माझ्या लेकीला मिळालं, ते महेबूबभाईंना का नाही, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. रझियाबींच्या घरी गेले, तेव्हा तो ओठांवर आला होता. त्यांनी वैदेहीला जवळ बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी तो विचारला नाही.

कृपा झाली म्हणताना मला अजून अपराधी वाटतं. पण झाली नाही म्हणायची माझी हिंमत नाही. मी ती रझियाबींच्या रूपानं दवाखान्याच्या दारातून बाहेर येताना पाहिली आहे. आता सकाळी स्वामींपुढे बसते तेव्हा काही मागत नाही. दोन नावं घेते, एक वैदेहीचं आणि एक महेबूबभाईंचं, आणि हात जोडते.