चंद्रभान सरांचे उरलेले शब्द

सेलूच्या अर्ध्या गावाने चंद्रभान सरांच्या हातचा मार खाल्ला आहे आणि उरलेल्या अर्ध्याने इंग्रजीचा नाद सोडला म्हणून ते वाचलं. मी मार खाणाऱ्यांपैकी. त्या माराच्या जोरावरच आज सिंदी मेघेत इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास चालवतो.

सरांची घरची भाजीची शेती. शाळा सुटली की वांग्याला पाणी द्यायला जायचे, त्यामुळे शिकवतानाची उदाहरणंही घरचीच असायची. चहा हवा असेल तर वॉन्ट. पोरगं पास व्हावं तर विश. शेजाऱ्याचं वावर आपलं व्हावं असं वाटलं तर डिझायर, आणि तसं वाटल्याबद्दल एक छडी. सगळ्यात शेवटी फळ्यावर यर्न लिहायचे. ‘जे जवळ नाही आणि आणताही येत नाही, त्याच्यासाठी जीव तुटतो ना, तेव्हा हा शब्द. जपून वापरा रे,’ असं सांगून स्वतःच पुसून टाकायचे. आता माझ्या क्लासची पोरं पाणीपुरीसाठी क्रेव्हिंग म्हणतात आणि वारलेल्या आजीला स्टेटसवर मिस यू. यर्न कोणी विचारत नाही.

एवढे शब्द शिकवणारा माणूस घरात मात्र तोंडाने काही मागत नसे. बायकोशी, म्हणजे कुसुमकाकूंशी, ते थेट बोललेले मी तरी कधी ऐकले नाहीत. त्यांच्या वयाच्या माणसांत ती रीतच होती. ‘वैभव, आईले सांग, चहा ठेव म्हणा,’ असं मुलाला सांगायचे; काकू चुलीपाशी हाताच्या अंतरावर. काकूही वैभवलाच सांगायच्या, ‘म्हणा, ठेवला आहे.’ वैभव नोकरीला पुण्याला गेला तेव्हा मोठी पंचाईत झाली. मग सर दाराकडे बघून म्हणायचे, ‘चहा भेटते का या घरात?’ आणि काकू दुधाच्या पातेल्याला उत्तर द्यायच्या. आम्ही पोरं यावर पोट धरून हसायचो.

मागच्या उन्हाळ्यात सरांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि मराठीही गेली. मेंदूचं असं होतं कधीकधी, डॉक्टर म्हणाले; जन्माची भाषा जाते आणि मागाहून शिकलेली थोडी राहते. त्यांना बोललेलं कितपत कळतं, हे डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. राहिले चार शब्द: येस, नो, वॉन्ट आणि यर्न.

वॉन्ट काकूंना लवकर समजलं. पाणी, चहा, पंखा, कूस बदलणं, यांपैकी काहीतरी निघायचंच. पण यर्नपुढे त्या हरल्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी शब्दाचा अर्थ सांगितला, सरांनी सांगितला होता तसाच.

‘वैभवची आठवण येऊन राह्यली असन,’ त्या म्हणाल्या. वैभव रजा काढून आला, उशाशी बसून राहिला. मी विचारलं, ‘वैभव?’ सर म्हणाले, ‘नो.’ मुलाचं तोंड एवढंसं झालं. मग सरांचा जन्म पवनारचा म्हणून त्यांना ऑटोत घालून धाम नदीच्या काठावर नेलं. नो. शाळेच्या फाटकापर्यंत नेलं. नो. त्यांची गेलेली आई, गेलेला भाऊ, विकलेली बैलजोडी, सगळी नावं मी एकामागून एक घेतली. ते नो म्हणत राहिले आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत राहिलं. मला त्यांचा राग आला, मग माझाच आला. दिवसभर दुसऱ्यांना बोलायला शिकवून पैसे घेणारा मी, माझ्याच मास्तरांपुढे बिनकामाचा ठरलो होतो.

परवा गेलो तर काकू अंगणात सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या. जुड्या बांधायच्या सोडून नुसत्या काड्या मोडत होत्या. शेजारची उज्ज्वला सकाळी सरांपाशी बसते, काकू वांगी तोडायला जातात तेव्हा. ती सहज बोलून गेली होती की काकू वावरात असल्या की सर तो शब्द काढत नाहीत. फक्त वॉन्ट म्हणतात.

‘मी जवळ बसली का मंगच काऊन म्हणतेत?’ काकूंनी विचारलं.

मला उत्तर सुचलं होतं, पण मास्तरांच्या बायकोला ते कसं सांगणार? आई, भाऊ, नदी, बैल, सगळी नावं मी घेतली होती. हे एक नाव घ्यावं असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. घरात बसलेल्या बायकोसाठी कोणाचा जीव तुटतो, असं आमच्याकडे कोणी धरतच नाही.

काकू उठल्या, हात धुतले आणि आत जाऊन खाटेशेजारी बसल्या; मीही मागोमाग गेलो. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘एकडाव माह्यं नाव घेऊन पाह्य.’

मास्तरांसमोर त्यांच्या बायकोचं नुसतं नाव घ्यायला जीभ वळेना. तरी घेतलं. ‘कुसुम?’

सरांनी मान वळवली. ‘येस,’ म्हणाले. पुन्हा म्हणाले, ‘येस, येस.’

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. खाटेवर सरांचा चांगला हात त्यांच्या हाताला लागूनच होता आणि दोघांपैकी कोणालाच पुढे काय करावं हे ठाऊक नव्हतं. मग काकूंनी, जन्मभर वैभवला सांगत आल्या तसं, मला सांगितलं, ‘त्यायले सांग, मी इथंच आहो म्हणा. कुठं गेली नाई.’

मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, मग वऱ्हाडीतही सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काकूंच्या तोंडाकडे बघत ते बराच वेळ ओठांनी काहीतरी जुळवत राहिले, आणि शेवटी म्हणाले, ‘यर्न.’

‘काय म्हणून राह्यले?’ काकूंनी मला विचारलं.

‘तेच,’ मी म्हणालो.